उलट्या पिसांची कोंबडी आणि आमच्या अर्जातला एक रकाना

अमेरिकेत उन्हाळा सरत आला की ठिकठिकाणी कौंटी फेअर भरतात. आपल्याकडच्या जत्रेची आठवण यावी असेच हे मेळे असतात. पाळणे, भाजलेली कणसे, गुरांचे गोठे आणि एका लांबट छपराखाली ओळीने मांडलेले कोंबड्यांचे पिंजरे. प्रत्येक पिंजऱ्यावर एक कार्ड असते. त्यावर वाण, रंग, वय आणि परीक्षकाचा शेरा. ज्या पक्ष्याची पिसे ठरलेल्या मापात बसतात त्याच्या पिंजऱ्याला निळी फीत लागते. ज्याच्या अंगावर भलत्या रंगाचे पीस निघते तो मागे पडतो किंवा बादच होतो.

आमच्यापैकी एका कुटुंबातील शाळकरी मुलीने फोर-एच क्लबातून दोन वर्षे अशा कोंबड्या पाळल्या. तिच्याकडचे वाण उलट्या पिसांचे होते. इंग्रजीत त्याला फ्रिझल म्हणतात. या पक्ष्याची पिसे अंगालगत बसत नाहीत, ती बाहेर आणि डोक्याकडे वळलेली असतात. भगताने किंवा देवऋष्याने उलट्या पिसांची कोंबडी मागितल्याच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकल्या असतील. तीच ही कोंबडी. त्या मुलीने सरळ हिशेब केला : सर्वांत देखणा कुरळा कोंबडा आणि सर्वांत देखणी कुरळी कोंबडी यांची जोडी लावली, तर पिल्ले त्याहून देखणी निघतील. क्लबातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने तिला थांबवले. कुरळ्याला कुरळी द्यायची नसते, साध्या पिसांची द्यायची असते, एवढेच त्याने सांगितले. तिने घरी येऊन कारण विचारले आणि तिच्या आईवडिलांना ते सांगता आले नाही.

त्याच आठवड्यात आमच्यापुढे दुसरा एक कागद होता. वधू-वर परिचय मेळाव्यासाठी भारतातल्या कुठल्याशा जुन्या नमुन्यावरून उतरवलेला तो अर्ज होता. धर्म : बौद्ध. त्याखाली पोटजात. त्याखाली वर्ण : गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. बैठकीत अर्जाच्या छपाईवर चर्चा झाली, शुल्कावर झाली. या दोन रकान्यांवर कुणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मात्र आम्हाला त्या गप्प बसण्याची लाज वाटली. म्हणून हा लेख. आधी कोंबडीचे सांगतो. रकान्याकडे शेवटी येऊ.

पिसाची रचना समजून घेतली की पुढचे सारे सोपे होते. मधे एक दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या शाखा, शाखांना उपशाखा आणि उपशाखांना अतिसूक्ष्म आकडे. हे आकडे शेजारच्या उपशाखांत अडकतात, म्हणून पिसाचा सलग पडदा तयार होतो आणि पाऊस-वारा अडतो. सिल्की नावाच्या वाणात हे आकडे नीट घडतच नाहीत. त्यामुळे पिसे मोकळी राहतात आणि पक्षी कापसाच्या पुंजक्यासारखा दिसतो. याचे कारण संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले. पीडीएसएस२ हे जनुक किती काम करील हे ठरवणाऱ्या भागात एका अक्षराचा बदल झालेला आहे. कोंबडीच्या जनुकसंचात सुमारे एक अब्ज अक्षरे असतात. त्यांतले एक अक्षर बदलले आणि शतकानुशतके कौतुकाने पाहिला गेलेला एक वाण निर्माण झाला.

डोक्यावरील पिसांच्या झुबक्याचे, म्हणजे शेंडीचेही असेच आहे. शरीराचा कोणता भाग कुठे घडावा हे सांगणारी हॉक्स नावाची जनुके बहुतेक सर्व प्राण्यांत असतात. शेंडीच्या कोंबडीत हॉक्स-सी८ हे जनुक, ज्याचे नेहमीचे काम धडाच्या भागात असते, ते डोक्याच्या त्वचेतही जागे होते. डोक्याच्या कातडीला जणू धडाचा पत्ता मिळतो आणि तिथे धडावरच्यासारखी लांब पिसे उगवतात. दाढी आणि गालमिशांच्या वाणात हॉक्स-बी८ याच रीतीने भलत्या ठिकाणी काम करते, हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. पायांवर पिसे असणाऱ्या वाणांत पंख घडवणारे टीबीएक्स५ हे जनुक पायाच्या घडणीत डोकावते. सारांश, ज्याला आपण थाट म्हणतो तो बहुधा चुकलेल्या पत्त्यावर पोचलेला निरोप असतो. त्यावरून पक्ष्याची प्रकृती, त्याची हुशारी, त्याची अंडी यांविषयी काहीही कळत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. उलटी पिसे ज्या बदलामुळे होतात तो केराटिन घडवणाऱ्या केआरटी७५ या जनुकात आहे. २०१२ साली तो सापडला. या जनुकाचा थोडा तुकडा गळतो, त्यामुळे पिसाचा दांडा सरळ न राहता वळतो. बदललेली प्रत एकच असेल तर पीस डौलदार वळते आणि फीत मिळते. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर पीस ठिसूळ होते, तुटते, पक्षी जवळजवळ उघडा पडतो. अंगातील उष्णता टिकत नाही. ती भरून काढायला तो अधिक खातो, त्याच्या हृदयावर ताण पडतो आणि अनेक पिल्ले थंडीत टिकत नाहीत. वॉल्टर लँडॉअर आणि एल. सी. डन या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी १९३० साली या वाणाच्या आनुवंशिकतेवर सविस्तर लिहिले होते. कुरळा आणि कुरळी यांच्या जोडीतून सरासरीने चारांत एक पिल्लू असे निघते, दोन कुरळी आणि एक साधे. कुरळा आणि साधी यांच्या जोडीतून निम्मी पिल्ले कुरळी, निम्मी साधी, आणि उघडे एकही नाही.

याचा अर्थ नीट पाहावा. प्रदर्शनात जिंकणारी उलट्या पिसांची कोंबडी ही मुळातच मिश्र असते. तिचे सौंदर्य एका कुरळ्या आणि एका साध्या प्रतीच्या एकत्र येण्यातच आहे. तिला ‘शुद्ध’ करायला गेलात की ती उघडी पडते. तिचा वंश नीट चालवायचा तर प्रत्येक पिढीत साध्या पिसांच्या पक्ष्याला घरात घ्यावे लागते. त्या वृद्ध शेतकऱ्याला जनुकाचे नाव ठाऊक नसेलही. त्याला अनुभवाने नियम ठाऊक होता.

याहून बोलके उदाहरण निळ्या अँडालुशियन कोंबड्यांचे. करड्या-निळ्या पिसांचा हा वाण हौशी लोकांना फार प्रिय. परंतु निळ्याला निळी दिली की पिल्ले तीन प्रकारची निघत : निम्मी निळी, चतुर्थांश काळी आणि चतुर्थांश ठिपक्यांची मळकट पांढरी. हौशी लोक काळ्या आणि पांढऱ्या पिल्लांना टाकाऊ म्हणून बाजूला काढत, उत्तमोत्तम निळे पक्षी निवडून पुन्हा जोड्या लावत, आणि पुन्हा तेच होई. इतकी निवड करूनही वंश ‘शुद्ध’ का होत नाही, हे त्यांना उमगेना. उत्तर केंब्रिजच्या विल्यम बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. निळा रंग हा एका काळ्या आणि एका पांढऱ्या प्रतीच्या एकत्र येण्याने होतो. निळ्याचा शुद्ध वंश असूच शकत नाही. सगळी पिल्ले निळी हवी असतील तर एकच उपाय आहे : टाकाऊ ठरवलेला काळा आणि टाकाऊ ठरवलेली पांढरी यांची जोडी लावणे. ज्यांना कार्डावर जागा नव्हती, त्यांच्याच पोटी कार्डावरचा रंग पुरेपूर जन्माला येत होता.

हौसेची किंमत कोण देतो हेही पाहिले पाहिजे. मोठ्या शेंडीच्या पोलिश वाणात कवटीचा माथा फुगीर होतो, काहींत त्याचे हाड पुरते जुळतही नाही, आणि मेंदूचा भाग कातडीखाली उघडा राहतो. चार्ल्स डार्विन यांनी १८६८ साली पाळीव प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात या कवट्यांचे वर्णन केले आहे. शेंडी डोळ्यांवर येते, पक्ष्याला नीट दिसत नाही, चोचीचा एखादा आघात त्याच्या जिवावर बेतू शकतो. निळी फीत मालकाच्या घरी लागते आणि किंमत पक्षी देतो.

तोच गुण दुसऱ्या परिस्थितीत मात्र उपकारक ठरतो. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथे केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिथे खेड्यांतील परसदारी पाळण्यासाठी जे संकरित वाण तयार केले गेले, त्यांत ‘उपकारी’ हा उलट्या पिसांच्या देशी कोंबडीपासून आणि ‘हितकारी’ हा उघड्या मानेच्या देशी कोंबडीपासून केलेला आहे. उघड्या मानेच्या पक्ष्याच्या अंगावर साधारण २० ते ४० टक्के पिसे कमी असतात. उलटी पिसे अंगालगत बसत नाहीत. दोन्हींमुळे अंगातील उष्णता बाहेर पडते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पक्षी तग धरतो. बंद खुराड्यात दुप्पट झाल्यावर जो गुण जिवावर उठतो, तोच खुल्या परसात संकर झाल्यावर आधार देतो. भगताने जिचा जीव मागितला ती कोंबडी, विज्ञानाने पाहिल्यावर, गरिबाच्या घरची मिळकत ठरली.

मग ‘अस्सल वाण’ ही कल्पना आली कुठून? अमेरिकेत कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन १८४९ साली बोस्टनमध्ये भरले. त्यानंतर देशभर कोंबड्यांचे वेड पसरले. १८७३ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तिने प्रमाण लक्षणांचे पुस्तक काढले. म्हणजे पिसांचा हा ‘धर्मशास्त्रग्रंथ’ जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. त्यातल्या एका प्रतिष्ठित वाणाचे नाव आपल्या वाचकांना गमतीचे वाटेल : ब्रह्मा. पायांवर पिसे असलेला हा धिप्पाड पक्षी. बोस्टनचे एक व्यापारी जॉर्ज बर्नहॅम यांनी १८५२ साली त्यातले काही राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवले आणि भाव गगनाला भिडले. ब्रह्मपुत्रेच्या नावावरून ‘ब्रह्मपुत्रा’ आणि पुढे ‘ब्रह्मा’ असे नाव रुळले, पण त्याआधी हेच पक्षी शांघाय, चितगाव अशा अनेक नावांनी विकले जात होते. नावामागच्या वंशकथेची खिल्ली खुद्द बर्नहॅम यांनीच १८५५ सालच्या आपल्या पुस्तकात उडवली आहे. थोर नाव, अलीकडे रचलेली वंशावळ आणि प्रत्यक्षात मिश्र रक्त : ही गोष्ट आपण कुठेतरी आधी ऐकलेली आहे.

मुळाशी गेले तर शुद्धता आणखीच विरघळते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. परंतु अनेक वाणांच्या पायांचा पिवळा रंग त्याच्याकडून आलेला नाही. तो सह्याद्रीच्या जंगलांत आजही आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, हे २००८ साली सिद्ध झाले. ज्या पिवळ्या पायांवर परीक्षक शुद्धतेचे गुण देतो, ते पायच संकराची खूण आहेत.

येथवर गोष्ट कोंबड्यांची होती. ती तिथेच थांबली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे ज्या पहिल्या काही प्रयोगांनी दाखवले, त्यांत बेटसन यांचे कोंबड्यांवरील प्रयोग होते; त्यांचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला. त्याच वाटेने अमेरिकेत चार्ल्स डेव्हनपोर्ट चालले. न्यूयॉर्कपासून सुमारे ३५ मैलांवर कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे त्यांनी कोंबड्यांचे तुरे, पिसे, रंग यांचा वारसा नोंदवला आणि १९०६ व १९०९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केले. काम चांगले होते. पण १९१० साली त्यांनी तिथेच सुप्रजनन नोंदणी कार्यालय उघडले आणि माणसांची कार्डे भरायला घेतली. दारिद्र्य, गुन्हेगारी, भटकेपणा हे सारे त्यांना तुऱ्यासारखे वारशाने येणारे गुण वाटू लागले. समुद्राची ओढदेखील एका जनुकाने येते, असे त्यांनी १९१९ साली नौदलातील अधिकाऱ्यांच्या अभ्यासात मांडले. पोराने बापाबरोबर बंदरावर जाऊन जहाजे पाहिली असतील, ही साधी शक्यता त्यांना पुरेशी वाटली नाही.

या कार्यालयाचे व्यवस्थापक होते हॅरी लाफलिन. मिसूरीत शेतीविषय शिकवणाऱ्या या गृहस्थांची डेव्हनपोर्टशी ओळख झाली तीदेखील १९०७ साली कोंबड्यांच्या पैदाशीविषयी केलेल्या पत्रव्यवहारातून. पुढे ते अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या स्थलांतर समितीचे सुप्रजननतज्ज्ञ झाले. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना प्रवेशबंदी झालीच होती. १९२४ च्या कायद्याने ती भिंत आणखी उंच केली आणि त्यामागे लाफलिन यांची आकडेवारी होती. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरवला. या देशात ६० हजारांहून अधिक माणसांची अशी नसबंदी झाली. १९३६ साली नाझी जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाने लाफलिन यांना सन्माननीय पदवी दिली. आपण आज इथे राहतो ते १९६५ साली ती वंशाधारित व्यवस्था मोडली म्हणून.

याच काळातील आणखी एक खटला आपल्या लोकांनी विसरू नये. १९२३ साली भगतसिंग थिंद यांनी अमेरिकी नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली ती ‘उच्च जातीचा हिंदू’ म्हणून : जातीबाहेर लग्न न करण्याच्या कडक नियमामुळे आपले आर्य रक्त शुद्ध राहिले आहे, असा तो युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. दुसऱ्याच्या खुराड्यात जागा मिळावी म्हणून आपल्या खुराड्याचा दाखला देण्याचा तो प्रयत्न होता.

मात्र एकाच अभ्यासातून दुसरी वाटही निघाली. उलट्या पिसांवर लिहिणारे एल. सी. डन १९२८ पासून कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी आनुवंशिकतेचे ज्ञान वंशवादाच्या विरोधात वापरले. १९५१ साली युनेस्कोने शास्त्रज्ञांकडून वंशभेदाविषयी जे निवेदन तयार करून घेतले, त्याचा मसुदा जुळवणारे वृत्तनिवेदक डनच होते. कोंबड्या दोघांनीही पाहिल्या होत्या. डेव्हनपोर्ट यांनी त्यांत माणसांची उतरंड पाहिली. डन यांना दिसले की कोंबडीतही उतरंडीला आधार नाही.

कोलंबिया म्हटले की आपल्या मनात एकच नाव येते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकत होते. सुप्रजनन कार्यालयाचा तो भरभराटीचा काळ, आणि अंतर अवघ्या काही मैलांचे. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. त्यांनी जातीचे मूळ रक्तात शोधले नाही, धंद्यात शोधले नाही. अंतर्विवाहाच्या बंधनात शोधले. दार बंद ठेवण्यासाठी माणसांना, विशेषतः स्त्रियांना, कोणत्या यातनांतून जावे लागते, हे त्यांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांच्या विश्लेषणातून दाखवले. २५ वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने जे सांगितले ते असे की जात ही निसर्गाने दिलेली नाही, ती बंद दाराने टिकवलेली आहे.

२० वर्षांनी, १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि न होऊ दिलेले भाषण त्यांनी स्वतःच छापले. त्यात जात ही वंश व रक्त शुद्ध राखण्यासाठी आहे या दाव्याची त्यांनी चिरफाड केली आहे. आणि त्या जागी त्यांनी साक्षीला कुणाला बोलावले? विल्यम बेटसन यांना! बुद्धीसारख्या वरच्या दर्जाच्या गुणांचा वारसा एखाद्या तुऱ्यासारखा एका ठरलेल्या रीतीने येत नाही, तो असंख्य घटकांच्या जुळणीवर अवलंबून असतो, या बेटसन यांच्या मताचा आधार त्यांनी घेतला. ज्या शास्त्रज्ञाने कोंबड्यांचा हिशेब सर्वांत बारकाईने मांडला, त्यालाच तो हिशेब माणसाच्या मनाला लागू होत नाही हे दिसत होते, आणि बाबासाहेबांनी ते नेमके हेरले होते. ज्या वर्षी लाफलिन यांना जर्मनीत पदवी मिळाली, त्याच वर्षी आपल्या नेत्याने ही मांडणी केली, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कोंबडीवरून माणसाविषयी निष्कर्ष काढणे हीच डेव्हनपोर्ट यांची चूक होती; आम्ही ती उलट्या दिशेने करू इच्छित नाही. संकर झाला की संतती थोर होते, असा आमचा दावा नाही. आमचे म्हणणे एवढेच : शुद्धतेचे जे तर्कशास्त्र खुराड्यातही टिकत नाही, ते घरात आणून बसवण्याला कोणताच आधार उरत नाही. माणसांविषयी जे सांगायचे ते माणसांच्या अभ्यासावरूनच सांगावे, आणि तोही अभ्यास आता उपलब्ध आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार भारतीय उपखंडातील जवळजवळ सर्व समूहांत सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर मिसळण झाली आणि त्यानंतर दारे बंद झाली. २०१७ साली दक्षिण आशियातील २६३ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ८१ समूहांत पूर्वजांची मूळ संख्या इतकी लहान आणि अंतर्विवाह इतका घट्ट आढळला की काही आनुवंशिक आजारांच्या दोन्ही प्रती एकाच मुलात येण्याचा धोका तिथे वाढतो. म्हणजे आपण सगळे मिश्र आहोत, आणि दार बंद ठेवण्याचे दुखणे मुलांच्या वाट्याला येते.

आता त्या अर्जाकडे. सोमवंशी की लाडवन, बावणे की कोसरे, हे विचारणारा रकाना आमच्या कागदावर कशासाठी आहे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर आपल्या वाडवडिलांनी जे मागे टाकले, ते आम्ही विमानातून इथवर आणले. सिएटल नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावावर बंदी घातली, तेव्हा आम्ही आनंदाने एकमेकांना फोन केले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे विधेयक राज्यपालांनी परत पाठवले, तेव्हा आम्ही निषेध केला. बाहेर जातीविरुद्ध कायदा मागायचा आणि घरच्या अर्जात पोटजात विचारायची, या दोन्ही गोष्टी एकाच हाताने करता येत नाहीत. ‘वर्ण’ हा रकाना तर त्याहून ओशाळवाणा. तो कौंटी फेअरच्या पिंजऱ्यावरचे कार्डच आहे. फक्त परीक्षकाच्या जागी आम्ही बसलो आहोत, आणि कार्डावर आमच्याच मुलीचे नाव आहे.

यावर आमच्यातल्या ज्येष्ठांकडून एक उत्तर येते, आणि ते हलके नाही. ते म्हणतात : परदेशात आपण मूठभर. मुले बाहेर लग्ने करतील, दोन पिढ्यांत चळवळ विरून जाईल. ओळखीच्या घरात सोयरीक झाली तर निदान भाषा आणि विचार टिकतो. ही भीती आम्हालाही वाटते. पण विचार टिकवायचा तर तो कसा पोचतो हे पाहिले पाहिजे. पिसांचा रंग रक्तातून पोचतो. बावीस प्रतिज्ञा रक्तातून पोचत नाहीत. पंचशील, १४ एप्रिलची मिरवणूक, रविवारचा मराठी वर्ग, घरातील ग्रंथांचे कपाट हे सारे शिकवावे लागते, आणि जे शिकवता येते ते सुनेलाही शिकवता येते, जावयालाही, मग तो मिनेसोटाचा असो की मेक्सिकोचा. जो वारसा पोटजातीच्या कुंपणाशिवाय टिकत नाही, तो बाबासाहेबांचा वारसा नव्हे.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण माणसाचे श्रेष्ठत्व जन्माने ठरते की कर्माने, असा वाद घेऊन तथागतांकडे येतात. तथागत त्यांना गवत-झाडे, कीटक, चतुष्पाद, साप, मासे आणि पक्षी यांची उदाहरणे देतात. त्यांच्या जाती त्यांच्या अंगावरील खुणांनी वेगळ्या ओळखता येतात, पण माणसांत केसांपासून पायांपर्यंत अशी कोणतीही खूण नाही. भेद आहे तो व्यवहारातल्या नावांचा, असे ते समजावतात. पक्ष्यांची गोष्ट माणसाला लावू नये, हे आपल्या शास्त्याने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

म्हणून आमची मंडळाला आणि सर्व कुटुंबांना विनंती आहे. येत्या मेळाव्याच्या अर्जातून पोटजात आणि वर्ण हे दोन्ही रकाने काढून टाकावेत. नवा अर्ज छापण्याचा खर्च आम्ही उचलू. ज्यांच्याकडे जुना अर्ज आधीच पोचला असेल त्यांनी ते रकाने कोरे ठेवून पाठवावेत, आणि समोरच्या घराने फोनवर आडून विचारले तर शांतपणे सांगावे की आम्ही बौद्ध आहोत. आईवडिलांनी हे मुलांसमक्ष करावे, म्हणजे मुलांना ते वेगळे शिकवावे लागणार नाही.

त्या मुलीने यंदा कुरळ्या कोंबड्याची जोडी एका साध्या, तपकिरी, कुठलेही कार्ड नसलेल्या कोंबडीशी लावली. आठ पिल्ले निघाली. पाच कुरळी, तीन साधी, सगळी धडधाकट. फेअरला कोणती न्यायची, असे तिला विचारले. ती म्हणाली, अजून ठरवले नाही, आधी मोठी तर होऊ देत.

जयभीम. नमो बुद्धाय.